नट घडतो कुठे?

१९६९ साली डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सेला रामराम ठोकला आणि वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून पूर्णवेळ रंगभूमी धरली. चाळिशी उलटली होती. कॅनडा-इंग्लंडमधलं पुढचं शिक्षण आणि आफ्रिकेतली डॉक्टरकी करून झाली होती. हा निर्णय आपण नेहमी धाडस म्हणून सांगतो. मला मात्र त्यामागची तयारी अधिक मोलाची वाटते.

ती तयारी पुण्यात झाली. बी. जे. मेडिकल कॉलेजात नाटकाचा नाद लागला आणि भालबा केळकरांच्या सोबतीने प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पीडीएत, तो मुरला. पोटाची सोय डॉक्टरकीने केली होती, म्हणून भूमिका निवडताना तिकीटबारीकडे पाहण्याची गरज नव्हती. पुढे डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हेही याच कॉलेजातून आणि याच हौशी वातावरणातून आले. प्रयोग फसला तरी नट बुडत नाही, अशी जागा या शहराने त्यांना दिली.

तिथे काय कमावलं, ते २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’ने दाखवलं. शिरवाडकरांची लांबलचक स्वगतं म्हणजे नटाला पल्लेदार आवाजाचा मोह पाडणारी जागा. लागूंचे गणपतराव बेलवलकर बोलता बोलता विचार करत. वाक्य तोडून थांबत, मग पुढचा शब्द जणू त्याच क्षणी सुचल्यासारखा येई. ही भूमिका पुढे दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनीही गाजवली. पण भावनेच्या ऐन भरात बुद्धी जागी ठेवण्याचा वस्तुपाठ लागूंनी घालून दिला.

१९७२ साली दोन चित्रपट आले. अमेरिकेत ‘द गॉडफादर’, आपल्याकडे शांतारामबापूंचा ‘पिंजरा’. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये वाढलेला अल पचिनो आणि पुण्याचे लागू, दोघेही रंगभूमीवर तयार झालेले. दोघांच्याही वाट्याला सरळमार्गी माणसाचं अधःपतन आलं. पचिनोच्या मागे अ‍ॅक्टर्स स्टुडिओची तालीम होती, आणि जगभर कीर्ती मिळाल्यावरही तो पुन्हा पुन्हा नाटकाकडे वळला. लागूंनीही हिंदी चित्रपटांची रांग लागलेली असताना नाटक सोडलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस म्हणून उभे राहिले.

जब्बार पटेलांच्या ‘सामना’तला त्यांचा मास्तर आठवा. दारूत बुडालेला, मळकट कपड्यांतला हा म्हातारा नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल एकच प्रश्न विचारत राहतो. समोर साखरसम्राट हिंदुराव, म्हणजे निळू फुले. एक शल्यचिकित्सक, तर दुसरा लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला आणि सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला. दोघेही पुण्याचे. दोघांनी अभिनयाआधी माणसं पाहिली होती, म्हणून सत्ता आणि सत्य यांची ती झुंज आजही खरी वाटते. लागूंना प्रश्न विचारण्याची सवय पडद्यापुरती नव्हती. ‘देवाला रिटायर करा’ असं ते जाहीरपणे म्हणाले आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत खंबीरपणे उभे राहिले.

१७ डिसेंबर २०१९ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, पुण्यातच त्यांचं निधन झालं. आज पुण्यातला गुणी मुलगा पुरुषोत्तम करंडकातली एकांकिका करतो आणि लगेच मालिकेच्या ऑडिशनला जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरभाडं त्यालाही भरायचं असतं. पण तालमीला परवडणारी जागा, फसण्याची मुभा आणि पैसे मोजून येणारा प्रेक्षक या तीन गोष्टी देणं आपल्या हातात आहे. मोठे नट हवे असतील, तर सुदर्शन रंगमंचावर किंवा भरत नाट्य मंदिरात नवख्या संस्थेचा प्रयोग लागेल तेव्हा पास मागू नका, तिकीट काढा.