अतिथी कोण?

मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे. शाळांना सुट्टी, त्यामुळे डब्याची घाई नाही. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये या सकाळी नऊ-दहा वर्षांची मुलं बाबांना हाताशी धरून स्वयंपाकघराचा ताबा घेतात. पोहे जरा जास्तच भिजतात, चहा उतू जातो, ब्रेडच्या कडा काळ्या होतात. मग वहीच्या पानावर रंगवलेलं ग्रीटिंग आणि भरलेली बशी घेऊन सगळे आईच्या उशाशी हजर होतात. आईला त्या दिवशी पलंगावरून उठायची बंदी असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत उपनगरांतल्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रकार इतका रुजला आहे की ‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणून त्याला झटकणं मला पटत नाही. आपल्या हाताने काही करून आईला भरवावं असं लेकराला वाटतं, यात परकं काय आहे?

परकं असेल तर ते फक्त अंथरूण. आपल्याकडे अंथरुणात खातो तो आजारी. तोंड धुतल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि गादीला खरकटं लागू द्यायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. शिवाय वन रूम किचनच्या घरात पलंग कुठला? रात्री पसरलेल्या गाद्या सकाळी गुंडाळून भिंतीला लावल्याशिवाय तिथे पाय ठेवायला जागा होत नाही, आणि सगळ्यात आधी गुंडाळली जाते ती आईचीच गादी. अनेक वस्त्यांत पाणी ठरावीक वेळेला येतं, कुठे भल्या पहाटे. पिंपं भरून झाल्यावरच बाकीचं घर जागं होतं. अशा आईला झोपेत गाठून चकित करायचं तर मुलांना रात्रभर जागावं लागेल.

अंथरुणातली न्याहारी मुळात नोकरचाकर असलेल्या घरांची चैन. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या बड्या घरांत विवाहित स्त्रियांसाठी मोलकरणी सकाळचा ट्रे वर घेऊन जात. मदर्स डेचा उगम मात्र अगदी वेगळा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावी १० मे १९०८ रोजी अ‍ॅना जार्विस यांच्या प्रयत्नाने, त्यांच्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ चर्चमध्ये प्रार्थना झाली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत केला. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रवाले त्या दिवसावर तुटून पडले, तेव्हा त्याच अ‍ॅनाबाई उरलेलं आयुष्य त्या बाजाराशी झगडत राहिल्या. म्हणजे आज आपण या दिवसाविरुद्ध जी तक्रार करतो, ती सर्वांत आधी त्याच्या जन्मदात्रीनेच केलेली आहे.

आपला स्वतःचा मातृदिन श्रावण अमावस्येला येतो. हीच पिठोरी अमावस्या. गावाकडे याच दिवशी बैलपोळा. मुंबईत पाठारे प्रभू, सीकेपी, आगरी, कोळी अशा जुन्या समाजांच्या घरांत पिठोरीला मोठा मान आहे. चौसष्ट योगिनींची पूजा होते, खीर-पुरीचा नैवेद्य होतो. मग आई त्या नैवेद्याचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, “अतिथी कोण?” पाठीमागे उभं असलेलं मूल “मी” म्हणतं आणि ते वाण मागच्या मागे आपल्या हातात घेतं. ज्यांनी लहानपणी हे केलं आहे, त्यांच्या अंगावर त्या ‘मी’च्या आठवणीने आजही शहारा येतो.

पण या व्रताची कहाणी नीट आठवून पाहा. एका घरात दरवर्षी श्रावणातल्या अवसेला श्राद्ध असे, आणि नेमकी त्याच दिवशी सून बाळंत होऊन तिचं मूल दगावे. असं वर्षानुवर्षं झालं. शेवटी सासरा संतापला आणि मेलेलं पोर तिच्या ओटीत घालून त्याने तिला रानात हाकलून दिलं. रानात तिला एक भुताची बायको भेटते आणि तिला वाट दाखवते. सून बेलाच्या झाडावर लपून बसते. रात्री देवकन्या येतात, पूजा करतात, खीर-पुरीचा नैवेद्य दाखवतात आणि विचारतात, अतिथी कोण आहे? त्यावर ही बाई झाडावरून उतरून सांगते, मी आहे. त्या तिची हकिगत ऐकून घेतात आणि तिची गेलेली मुलं तिला परत मिळतात.

कहाणीत ‘मी आहे’ म्हणणारी मूल नाही, आई आहे. घरातून हाकललेली, बाळंतपणाने थकलेली, पोटात अन्नाचा कण नसलेली. अतिथी ती आहे आणि अन्न तिच्यासाठी आहे. कहाणीचा विधी झाला तेव्हा मात्र आई वाढणाऱ्याच्या जागी गेली आणि तिचं उत्तर मुलांच्या तोंडी आलं. ज्या काळात घरोघरी लहान मुलं दगावत होती, त्या काळात हे समजण्यासारखं आहे. पाठीमागून ‘मी’ ऐकू येणं म्हणजे मूल जिवंत असल्याची ग्वाही होती आणि आईला त्याहून मोठं काही नको होतं. पण त्या बदलात एक गोष्ट निसटली. आईच्या नावाच्या दिवशी आईने काय खाल्लं, हे विचारायला कोणी उरलं नाही.

बाईला बसवून वाढण्याचे प्रसंग आपल्याकडे नाहीत असं नाही. डोहाळजेवण असतं, बाळंतिणीचा डिंकाचा लाडू आणि खीर असते, सवाष्ण म्हणून दुसऱ्याच्या घरी पहिलं पान असतं, दिवाळीचं माहेरपण असतं. मात्र या यादीत ती पोटुशी असते, ओली बाळंतीण असते, पाहुणी असते, लेक असते. आपल्याच घरात, आपल्याच मुलांची आई म्हणून तिला कोणी वाढलं आहे असा प्रसंग मला या यादीत सापडत नाही. नेपाळमध्ये तो आहे. वैशाख अमावस्येला तिथे ‘माता तीर्थ औंसी’ पाळतात. आईचं मुख पाहायचा तो दिवस. लेकी-मुलगे मिठाई आणि खाण्याचे जिन्नस घेऊन आईकडे जातात आणि तिला खाऊ घालतात. ज्यांची आई नाही, ते काठमांडूजवळच्या मातातीर्थाच्या कुंडावर जाऊन तिचं स्मरण करतात. तिथेही तिथी अमावस्याच, पण घास मुलांकडून आईकडे जातो. म्हणून बोरिवलीच्या मुलांनी आईसाठी केलेले गचके पोहे मला उसने वाटत नाहीत. आपल्या सणांत राहून गेलेली एक जागा ती पोरं नकळत भरून काढत आहेत.

अडचण एवढीच की ती वर्षातून एकदा भरली जाते. उरलेल्या दिवसांचं गणित उपनगरात लोकलच्या वेळापत्रकावर चालतं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली. फक्त बायकांसाठी पूर्ण गाडी सोडावी लागली, यावरूनच सकाळी घराबाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या कळते. संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या, गवार मोडणाऱ्या बायका मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. त्यांच्या कष्टाचं आपण फार कौतुक करतो. मला त्यात कौतुकापेक्षा हिशेब दिसतो. घरी पोचल्यावर ती भाजी निवडणारं दुसरं कोणी नाही, हा त्याचा सरळ अर्थ. सकाळी चार डबे भरणाऱ्या आईची न्याहारी म्हणजे ओट्याशी उभ्याने खाल्लेली रात्रीची पोळी आणि दोनदा गरम केलेला चहा.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापर पाहणी केली. घरचं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष असं काम करतात ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. पुरुषांचीही उतरून ८८ वर आली. मधल्या काळात आणखी घरांत मिक्सर, वॉशिंग मशीन, तयार इडलीचं पीठ आणि दारात येणारं किराणा सामान पोचलं, तरी दोघांमधलं दोनशे मिनिटांचं अंतर जवळपास जागच्या जागी आहे. ते अंतर यंत्र कमी करत नाही. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न घरात कोणाला पडतो, त्यावर ते ठरतं.

आणि इथेच ती नऊ-दहा वर्षांची मुलं महत्त्वाची ठरतात. त्या वयात मुलगा आणि मुलगी सारख्याच उत्साहाने पोहे भिजवतात. पुढे घर त्यांना वेगळं करतं. मुलगा आठवी-नववीत गेला की त्याचा क्लास, त्याचं क्रिकेट, त्याची झोप महत्त्वाची होते. मुलीचाही क्लास असतो, पण पाहुणे आले की चहा टाकायला हाक तिलाच जाते. हाक मारणारी बहुतेक वेळा आईच असते, हे कटू असलं तरी खरं आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं. केरळने २०२४ मध्ये तिसरीच्या पुस्तकात खोबरं खवणारा बाप दाखवला. चित्रं उत्तम आहेत. पण पुस्तकात बघितलेलं घरात दिसलं नाही, तर मूल घरावर विश्वास ठेवतं, पुस्तकावर नाही.

म्हणून माझा आग्रह मदर्स डे बंद करण्याचा नाही, तो दर आठवड्याला आणण्याचा आहे. अचानकपणा त्यातून गेला तरी चालेल. रविवारची न्याहारी मुलांची, असा घराचा नियम व्हावा. घरात पोहे आहेत का हे शनिवारी बघण्यापासून रविवारी कढई घासून ओटा पुसण्यापर्यंत सगळी जबाबदारी त्यांची. लहान असतील तेव्हा गॅसपाशी बाबांनी उभं राहावं. सोलणं, चिरणं, भिजवणं त्यांचं त्यांनी करावं. दारावर भोंगा वाजवत येणाऱ्या इडलीवाल्याकडून घेतलं किंवा नाक्यावरून फाफडा-जिलेबी आणली, तरी एखाद्या रविवारी हरकत नाही, फक्त काय आणायचं हे आईला विचारू नये. तिने टेबलाशी, पाटावर, खाटेवर, तिला हवं तिथे बसावं आणि गरम असताना खावं. मीठ कमी पडलं तर पडू द्यावं. आणि एक गोष्ट आयांनीही पाळावी: मुलगा कांदा जाड चिरतोय म्हणून त्याच्या हातातून सुरी काढून घेऊ नये. त्या एका हिसक्यात त्याची पुढची चाळीस वर्षांची सुटका होते.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत करता येईल. घरात दहा-बारा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला या सुट्टीत पोहे, उपमा आणि चहा एवढं शिकवा, आणि भाऊबीजेच्या सकाळी ओवाळायच्या आधी बहिणीला आणि आईला त्याच्या हातचं खायला बसवा.