वाडीचा देव जागा सोडतो

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढू लागलं की नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा होतो. नदी उत्तरेच्या दारातून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्या गढूळ पाण्यात स्नान करायला लांबलांबून लोक येतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात नेतात आणि नित्याची पूजाअर्चा तिथे चालू राहते. पूर ओसरला की गाळ उपसायचा, देऊळ धुवायचं, देव खाली आणायचा.

यात श्रद्धा आहेच. पण तिच्यामागची व्यवस्था मला जास्त मोलाची वाटते. नदी येणार हे धरूनच इथला सगळा क्रम बसवलेला आहे. तिला आत यायला दार आहे, बाहेर जायला दार आहे आणि देवानं कुठे हलायचं हे आधीच ठरलेलं आहे. देव हलला म्हणून त्याचा अपमान झाला, असं वाडीत कुणाला वाटत नाही.

आपले पूर्वज निसर्गाला देव मानत होते म्हणून निसर्ग टिकला, असं पर्यावरणावरच्या भाषणांत हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण पंचगंगाच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही गंगा. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे कोल्हापुरात तिच्या घाटावर हजारो पणत्या लागतात. ते दृश्य ज्यानं पाहिलं तो विसरत नाही. त्याच नदीत शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी जातं. उन्हाळ्यात पात्रावर केंदाळ पसरतं, तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं दगावली. आपली भक्ती या काळात कमी झाली होती असं नाही. अडचण भक्तीच्या आतच आहे. गंगा कधी बाटत नाही, असं मनात पक्कं बसलं की पाण्याचा रंग पाहायची गरज उरत नाही. तीर्थ जिभेवर ठेवणारा हात आणि निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावणारा हात पुष्कळदा एकाच माणसाचा असतो. पावित्र्य आणि स्वच्छता हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण आपल्या मनात ते वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

मात्र रूढी बदलते, आणि सोय करून दिली तर लवकर बदलते. गणपती पंचगंगेतच बोळवायचा, ही कोल्हापूरची जुनी रीत. अलीकडच्या वर्षांत सार्वजनिक मंडळांच्या मूर्ती शहरातल्या इराणी खाणीतल्या पाण्यात विसर्जित होऊ लागल्या. भाविकांची भावना होती तीच राहिली, तिला दुसरी जागा मिळाली.

वाडीच्या देवळात जी समज दिसते, तीच कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दिसते. ओळीनं खांब, त्यांना खाचा आणि खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की ते काढून नदीला वाट द्यायची. पावसाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत ‘इतके बंधारे पाण्याखाली’ अशी बातमी रोज असते. परगावच्या माणसाला ती ऐकून धक्का बसेल. पण बंधारा पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला असतो; त्यावरून ये-जा करणाऱ्या गावांना वळसा पडतो, एवढंच. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेही पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. सातांपैकी किती उघडले, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. ही माझ्या मते खरी संस्कृती. तिला आरती नाही, पण पाण्याचं वेळापत्रक तिला पाठ आहे.

शहर वाढलं तेव्हा हे पाठांतर सुटलं. रमणमळा, सुतारमळा या वस्त्यांची नावंच मोठ्यानं वाचून पाहावीत. नदीकाठचा मळा म्हणजे नदीनं गाळ आणून टाकावा आणि माणसानं पीक काढावं अशी जमीन. तिच्यावर मुरमाचा भराव पडला, प्लॉट पडले, इमारती उठल्या. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आली. तिथपासून नदीची ओळख म्हणजे परवानगीच्या फायलीतला एक अडथळा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 च्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ दोन्ही वेळा बंद पडला. महामार्गाच्या भरावामुळे पाणी तुंबतं, तिथे खांबांवरचा पूल हवा, ही पूरग्रस्त गावांची मागणी आहे. तिच्यात वाडीच्या दोन दारांचीच समज आहे. आपण मात्र दरवर्षी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवून मोकळे होतो. धरणांतल्या पाण्याचा हिशेब मागायलाच हवा, पण आपल्या अंगणातल्या भरावाचा हिशेब त्यानं चुकता होत नाही.

परंपरेला सगळं कळतं असंही मला म्हणायचं नाही, आणि सरकारला ती कळते असंही नाही. 1989 च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिली गेली. तरी जुनी गावं उठली नाहीत. सरकारी नजरेत घर म्हणजे चार भिंती. चिखलीकराच्या लेखी घर म्हणजे गोठा, वैरणीची गंजी, दारातून दिसणारा ऊस, प्रयागचा संगम. हलायचंच झालं तर म्हैस कुठे बांधायची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तो समजून न घेता आखलेलं पुनर्वसन कागदावर पुरं होतं आणि गाव जिथल्या तिथे राहतं. उलट 2019 मध्ये पूरपट्ट्यातल्या कितीतरी माणसांनी 2005 ची खूण धरली. तेव्हा उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, मग आता कशाला लागेल? आजवर त्या खुणांनीच गावं वाचवली होती. या वेळी त्याच खुणांच्या भरवशावर माणसं घरात थांबली आणि माळ्यावर अडकली. पावसाची तऱ्हा बदलली आहे. थोड्या दिवसांत इतकं पाणी कोसळतं की आजोबांच्या आठवणीचं माप त्याला पुरत नाही.

म्हणून शाळेच्या भिंतीवर, तालमीच्या दारावर, देवळाच्या खांबावर 2019 आणि 2021 च्या पाण्याची रेघ पक्क्या रंगानं ओढून ठेवायला हवी. रमणमळ्यातल्या नव्या इमारतीच्या जिन्यातही ती हवी आणि फ्लॅट विकण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायला हवी. सोनतळीला पहिली शेड गुरांसाठी उभी राहावी, पाण्याची आणि वैरणीची सोय मे महिन्यातच व्हावी. त्याच दिवसांत बंधाऱ्यांवरचे बरगे निघतात आणि काठावर रचून ठेवले जातात. पात्रात तेव्हा पाणी जेमतेम घोट्याएवढं असतं.