पाणी किती फूट?

भोगावतीतून कयाकनं दोन दिवस उतरायचं, गळ टाकायचा, काठावर तंबू ठोकायचा, असा पावसाळी बेत. त्यासाठी रोज मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. चार फूट चढावी वाटतं. चिखलीतली माणसंही तोच आकडा बघतात: 39 फूट इशारा, 43 धोका. 2019मध्ये तो 55 पार गेला.

दोस्त म्हणतो, "तुझ्या वाटण्यानं राधानगरीचे दरवाजे उघडतात होय? ते धरण भरलं की आपोआप उघडतात." खरंय. पण इच्छेनं कुणाचं नुकसान होत नाही, एवढ्यावरून ती निर्दोष ठरते का? मला नाही वाटत. ज्या पाण्यात कुणाचा गोठा जातो, ते मागताना निदान त्याचं तोंड आठवावं.

बेत दिवाळीनंतर ढकललाय. तेव्हा बंधाऱ्यांना बरगे लागलेले असतील. प्रत्येक ठिकाणी कयाक खांद्यावर. दोस्त अजून कुरकुरतोय.