यादीत नसलेला रकाना

नाशिक, पुणे, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जेवणाच्या कार्डाबरोबर वाईनची वेगळी यादी मिळते. शेनिन ब्लां, शिराझ, काबर्ने अशी द्राक्षांच्या जातींवरून पडलेली नावे, कुठली वाईन, कोणत्या सालची, ग्लासाला किती, 750 मिलीच्या बाटलीला किती. जाणकार ही यादी पारखतात. बाटलीत साधारण पाच ग्लास निघतात, मग ग्लासाचा भाव वाजवी आहे का? आपल्या तिखट जेवणाला कोणती मानवेल? पण जो पीतच नाही, त्याने या यादीचे मूल्यमापन कसे करावे? ‘हराम आहे, विषय संपला’ असे म्हणणे सोपे आहे. पण विषय संपत नाही. तो आपल्या बांधापर्यंत येतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात द्राक्षबागा आहेत. एक अवकाळी पाऊस आला की वर्षाची कमाई मातीत जाते. राज्य शासनाने 2001 मध्ये वाईन उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आणले. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमधून वाईन विकू देण्याचे ठरवले, तेव्हाही कारण शेतकऱ्याच्या हिताचेच दिले. विरोध झाला, आणि जून 2022 मध्ये ते सरकारच गेले. त्या वादात एक युक्तिवाद मात्र गाजला : वाईन म्हणजे दारू नव्हे.

शेतकऱ्याचा फायदा होतो, हे आपण नाकारू नये. सूरह बकराच्या 219व्या आयतीत दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदे आहेत हे आधी मान्य केले आहे, आणि मग त्यांतला गुन्हा फायद्यापेक्षा मोठा ठरवला आहे. हेच खरे मूल्यमापन. एका पारड्यात काहीच नाही असे म्हणणाऱ्याने तराजू हाती घेऊ नये. स्पष्ट मनाई पुढे सूरह मायदामध्ये आली.

मग द्राक्ष पिकवणाराही गुन्हेगार का? आपल्या फुकहांचेही यावर एकमत नव्हते. द्राक्षाचा रस दारू करणाऱ्याला विकण्यास इमाम अबू हनीफा यांनी हरकत मानली नाही. रसात गुन्हा नाही, तो रस पालटल्यानंतर येतो, असा त्यांचा विचार. त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी हा व्यवहार मकरूह मानला. गुरू-शिष्य असे वेगळे बोलू शकत होते, तर बागायतदाराचा न्याय आपण एका वाक्यात कसा करावा?

पण ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हा प्रश्न फायद्याचा नाही, नावाचा आहे. वाईनमध्ये साधारण 11 ते 14 टक्के अल्कोहोल असते, म्हणजे बहुतेक बिअरपेक्षा जास्तच. नावांचा खेळ उर्दूच्या शिक्षकाला नवा नाही. मय, बादा, सहबा. आमच्या गझलेचीही एक वाईनची यादीच आहे. रियाज़ खैराबादी यांची शायरी दारूने ओथंबलेली, पण त्यांनी कधी थेंब घेतला नाही असे सांगतात. अरबीत ‘शराब’ म्हणजे नुसते पेय. कुरआनात मधासाठीही हाच शब्द आला आहे. दारूसाठीचा शब्द ‘खम्र’, आणि त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. अक्कल झाकते ते खम्र, अशी हज़रत उमर यांनी व्याख्या केली. त्यांनी द्राक्ष की जव, देशी की विदेशी, हे पाहिले नाही, परिणाम पाहिला.

इथे बोट आपल्याकडेही वळते. लोक दारूला दुसरे नाव देऊन पितील, असा इशारा हदीसमध्ये आहे. नाव बदलण्याची ही युक्ती फक्त दारूपुरती राहिलेली नाही. हुंडाबंदीचा कायदा 1961चा. आपल्या लग्नांत मात्र जहेज़ ‘मुलीला खुशीने दिलेला तोहफा’ होऊन येतो. गाडी, फ्रीज, रोख. त्या यादीतही कंपनी असते, किंमत असते. मुलीच्या बापाने कर्ज किती काढले, हा रकाना नसतो. वाईन नाकारणारा हात ती यादी बिनदिक्कत घेतो.

म्हणून कोणतीही यादी पारखताना ‘यातले उत्तम कोणते’ एवढ्यावर थांबू नये. तो प्रश्न यादी करणाऱ्याने आखून दिलेला असतो. किंमत कोण मोजतो आणि नावाखाली काय झाकले आहे, हे आपण विचारायचे. दुसऱ्याची यादी वाचताना विचारायचे, आणि त्याच आवाजात आपल्या घरची यादी वाचतानाही.