ओरखडा

शिकागोतील आमच्या तळघरात एक जुने पिनबॉल यंत्र आहे. चेंडू परतवणारे फ्लिपर या खेळाला १९४७ साली मिळाले, तेही याच शहरातल्या गॉटलीब कंपनीकडून. चेंडू पोलादी, सुमारे सत्तावीस मिलिमीटर व्यासाचा, वजनाने ऐंशी ग्रॅम.

आमच्या यंत्रात नवा, आरशासारखा चेंडू थोड्याच दिवसांत खरखरीत होई. आणि खरखरीत चेंडू लाकडी पटावरचा रंग खरवडतो. मी तो फेकून दुसरा टाकी. चेंडू स्वस्त, पट महाग. हिशेब सरळ होता.

तिसरा चेंडूही ओरबाडला गेला, तेव्हा काच काढून पाहिले. परतीच्या वाटेवरील पत्र्याच्या कडेला बारीक धार आली होती. ती कानशीने घासली, भुकटी पुसली, पटाला मेण लावले. चेंडू गुळगुळीत राहू लागला.

हात धुताना मुलगा आठवला. तो धाकट्या बहिणीला टाकून बोलतो, म्हणून मी त्यालाच रागावत आलो होतो. तो खरखरीतपणा कुठल्या कडेला घासून आला, हे कधी पाहिलेच नव्हते. मग संध्याकाळी घरी परतल्यावरचा माझा आवाज आठवला.

कारण सापडले म्हणून दोष फिटतो, असे नव्हे. ओरबाडलेला चेंडू पट खरवडतोच; धाकटीला लागायचे ते लागतेच. परंतु चेंडू बदलता येतो, मुलगा बदलता येत नाही. तिथे कानस आपल्याच कडेवर चालवावी लागते, आणि तिचा आवाज फारसा गोड नसतो.