पाहुण्याचा संयम

पाहणे हे निर्दोष कृत्य आहे, अशी आपली समजूत असते. तोडणे, लुटणे, मारणे ह्यांत दोष असतो. केवळ पाहण्याने कोणाचे काय बिघडते? परंतु जे पाहावयाचे तेच अतिशय नाजूक असेल, तर पाहणाऱ्यावर काही नैतिक बंधन येते काय? नाताळच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत मालवणकडे निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा.

आपल्याला पोवळे ठाऊक असते ते अंगठीत बसविलेले. ज्या ‘प्रवाळ’ शब्दापासून हा शब्द आला, ते प्रवाळ मात्र निर्जीव खडा नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात उथळ पाण्याखाली खडकांना बिलगून ह्या इवल्या प्राण्यांच्या वसाहती आहेत. ते स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते आणि यजमान त्याला आसरा देतो. पाणी फार तापले की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता टिकून राहिली तर मरते. गोलाकार प्रवाळाची वाढ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर. दमलेल्या पाहुण्याने क्षणभर टेकविलेला पाय किंवा होडीचा एक नांगर कित्येक वर्षांचे बांधकाम मोडू शकतो.

हा ठेवा जपण्यासाठी १९८७ साली शासनाने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटर हा कडक संरक्षणाचा गाभा आहे. २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. हेतू उत्तम, तरीही स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला तीव्र विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर चूल पेटली, तेथेच जाळे टाकण्यास बंदी येईल, ही त्यांची धास्ती होती. पोटासाठी येणाऱ्याला मज्जाव आणि मौजेसाठी येणाऱ्याला स्वागत, असे चित्र उभे राहिले तर त्यास न्याय म्हणता येईल काय?

आम्हां पोफळीकरांना हा पेच अपरिचित नाही. सह्याद्रीपलीकडील कोयनेचे पाणी बोगद्यांतून येथे उतरते, डोंगराच्या पोटातील वीजगृहाची चक्रे फिरविते आणि पुढे वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीने समुद्राला मिळते. १९६२ पासून ह्या विजेने दूरची घरे उजळली, कारखाने चालले. परंतु जलाशयात ज्यांची गावे गेली, त्यांतील कित्येकांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले. सार्वजनिक हित खरेच असते; पण त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारल्यावाचून ते न्याय्य ठरत नाही.

म्हणून एक साधा नियम मनाशी धरावा असे वाटते: ज्याचे पोट एखाद्या गोष्टीवर अवलंबून आहे, त्याच्याकडून त्याग मागण्यापूर्वी, ज्याचे केवळ मन तेथे रमते, त्याने स्वतःला आवरावे.

ह्यावर कोणी म्हणेल, न पाहिलेल्यावर माया कशी जडावी? शिवाय पर्यटकांना पाण्याखालची सृष्टी दाखवून मालवण-तारकर्लीचे कित्येक तरुण आज घर चालवितात. हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत, त्यामुळे न जाणे हेच पुण्य असे मी म्हणणार नाही. जावे, पण पाहुण्यासारखे जावे. पाहुणा यजमानाच्या घरी सांभाळून वावरतो, त्याच्या सोयीने बसतो-उठतो. प्रवाळावर पाय ठेवू नये, नांगर खडकावर टाकू नका असे होडीवाल्यास विनवावे, स्थानिकांच्या कष्टांचे मोल घासाघीस न करता द्यावे आणि गर्दी झाली असेल तर न उतरताच परतण्याची तयारी ठेवावी. ज्या दर्शनासाठी पाहणारा काहीच सोडावयास तयार नसतो, त्याला प्रेम म्हणावे की नुसती हाव?

तथापि प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. नकाशावर आखलेली अभयारण्याची रेषा तापलेल्या पाण्याला अडवू शकत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. कोळसा नि तेल जाळून जी हवा तापते, तिचीच ऊब समुद्र पोटात घेतो. मग ज्याने मालवण कधी पाहिलेही नाही, त्याचा हातही त्या प्रवाळापर्यंत पोहोचतोच. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात प्रवाळांच्या ऱ्हासाची स्वतंत्र दखल घेतली, ती ह्याच जाणिवेने. सृष्टीची हानी करण्यासाठी तेथे जावेच लागते असे नाही. घरी बसूनही ती होते. म्हणूनच पाहुण्याचा संयम समुद्रकिनाऱ्यापुरता नसून विजेच्या बटनापाशी, वाहनापाशी, बाजारातल्या प्रत्येक खरेदीपाशी तो लागतो.

मुले हे उपदेशातून शिकत नाहीत, पाहून शिकतात. परतीच्या वेळी मुलाच्या मुठीत प्रवाळाचा तुकडा आढळला, तर रागावण्याऐवजी त्याच्यासोबत पाण्यापर्यंत चालत जावे आणि तो त्याच्याच हाताने परत ठेवावयास सांगावा. मूठ उघडण्याची सवय लहानपणी लागली, तर ती मोठेपणी पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडते.