कडक भाकरी, ओली चूल

सप्टेंबर २०२५. ऐन नवरात्रात सीना नदीला महापूर आला आणि माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. आपला सोलापूर जिल्हा दुष्काळी. इथे माणसं काढायला एनडीआरएफच्या बोटी येतील, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

घर सोडून शाळेत, देवळात आसरा घेतलेल्यांना पीठ देऊन काय उपयोग? चूल ओली, सरपण वाहून गेलेलं. तिथे कामी येते ती ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ना शिजवायची कटकट, ना नासायची भीती. आणि शेजारगावची बाई भाकरी थापताना मदतीच्या किटवर असतो तसा भाकरीवर कुणाचा फोटो चिकटवत नाही, हेही आहेच!

कंपन्यांचं बळ निराळं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असा २०१३चा कायदा सांगतो. तो पैसा किराणा-किटवरच का संपावा? पाणी ओसरल्यावर विहिरीतला गाळ उपसायचा असतो, खरडलेल्या रानात माती भरायची असते. दिवाळीच्या सुमाराला एखाद्या कंपनीनं नुसतं जेसीबीचं डिझेल भरलं, तरी कितीतरी जणांची रब्बीची पेरणी साधते.